बिघाड अर्ध्या मिनिटाचा, खोळंबा पाऊण तासाचा

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. घरात लग्नकार्य ठरले होते आणि खरेदीसाठी आम्ही सहकुटुंब भंडाऱ्याहून नागपूरला गेलो होतो. आईचा चौविहार असतो. त्यामुळे दिवस लहान असले की आमचा प्रत्येक प्रवास सूर्यास्ताकडे डोळे लावून आखला जातो. सोबतचा डबा दुपारीच संपला होता. पावणेचारला निघायचे, पाचच्या सुमारास घरी पोहोचायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी आईचे जेवण-पाणी उरकायचे, असा साधा हिशेब होता. ठरल्या वेळी आम्ही एका मोठ्या व्यापारी संकुलाच्या तळघरातून गाडी बाहेर काढली.

बाहेर पडण्याच्या वाटेवर तिकीट वाचणारे यंत्र उभे होते. आत शिरताना मिळालेले कागदी तिकीट त्याच्या फटीत सरकवायचे. यंत्राने ते ओढून घ्यायचे, पैसे भरले आहेत की नाही हे वाचायचे आणि आडवा दांडा वर उचलायचा. एवढेच त्याचे काम. आमच्या पुढच्या गाडीचे तिकीट त्याने अर्धे गिळले आणि ते तसेच थबकले. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले.

"दादा, दांडा हाताने उचलता येत नाही का?" मी पहारेकऱ्याला विचारले.

"नाही ना काका. किल्ली माझ्याजवळ नसते. फोन लावला आहे, माणूस निघाला आहे."

माणूस वीस मिनिटांनी आला. त्याने पेटी खाली ठेवली आणि यंत्राच्या पाठीमागचे आठ स्क्रू काढायला सुरुवात केली. त्यातील दोन वेगळ्या डोक्याचे निघाले. त्यांच्यासाठी दुसरा पेचकस शोधावा लागला. एक स्क्रू हातून सुटून आत पडला, तो मोबाइलच्या उजेडात धुंडाळावा लागला. झाकण निघाले तर त्याला वायरी जोडलेल्या होत्या; त्या सोडवल्याखेरीज झाकण बाजूला ठेवता येईना. मग एक छापील फलक उतरवला, त्यामागे एक पट्टी सैल केली, आणि तेव्हा कोठे तो रबरी रूळ दिसला. त्याच्याखाली तिकिटाचा फाटका तुकडा अडकला होता. चिमट्याने तो ओढून काढायला अर्धे मिनिटही लागले नाही. मग सारे पुन्हा जागच्या जागी बसवायचे होतेच.

आम्ही मौद्यापर्यंत पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. आईने पाण्यालाही नाही म्हटले. ती काही बोलली नाही; पण घरी येईपर्यंत गाडीत कोणीच फारसे बोलले नाही.

लग्नाला माझा पुतण्या पुण्याहून आला. तो अभियंता आहे आणि अशाच प्रकारची यंत्रे घडवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. मी त्याला हा प्रसंग तावातावाने सांगितला. यंत्र भिकार होते, असे माझे मत. तो शांतपणे म्हणाला, "काका, कागद आहे म्हटल्यावर तो कधीतरी अडकणारच. चांगल्यातल्या चांगल्या यंत्रातही अडकतो. तो अडकेल हे धरूनच झाकण करायला हवे होते, ते कोणी केले नाही."

त्या वाक्याने माझ्या डोक्यात जे चक्र सुरू झाले, त्यातून हा लेख लिहीत आहे. आपण व्यापारी माणसे यंत्र घेताना विचारतो ते एवढेच, की किंमत काय आणि किती वर्षे चालेल. बंद पडल्यावर ते किती वेळात, कोणाच्या हातून आणि कोणत्या अवजाराने सुरू होईल, हे आपण विचारत नाही. घडवणाराही मग त्याचा विचार करीत नाही.

आपल्या आजोबांच्या पेढीवरचा तराजू आठवून पाहावा. दांडी, काटा, दोन पारडी आणि साखळ्या. सकाळी पेढी उघडली की रिकामा तराजू उचलून पासंग पाहायचा. काटा मध्यावर नसेल तर दोष कोठे आहे हे उभ्याउभ्या कळे: साखळीला पीळ बसला आहे, की पारड्याला गूळ चिकटला आहे, की दांडीच झिजली आहे. पहिले दोन दोष दिवाणजी स्वतः दूर करीत, तिसऱ्यासाठी कारागिराकडे जावे लागे. कोणता दोष कोणाच्या हातचा, हे तराजूच सांगत असे. भंडारा तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव. आपल्याकडे भांडे घडवतानाच धरलेले असे की याची कल्हई जाणार आहे, कडी सैल होणार आहे. म्हणून भांड्याचे तोंड हात आत जाईल एवढे, आणि कडी रिव्हेटने ठोकलेली; ती काढून नवी बसवता येई. कल्हईवाला दारात येऊन काम करून जाई, भांडे कारखान्यात परत पाठवावे लागत नसे.

तिकिटाच्या जगातही अशी साधी यंत्रे होऊन गेली. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर किंवा तुमसर रोडला पूर्वी जाड पुठ्ठ्याचे, आगपेटीएवढे तिकीट मिळे. खिडकीमागचा बाबू ते ओतीव लोखंडाच्या लहानशा यंत्रात सरकवी, 'खट्' आवाज होई आणि तिकिटावर तारीख उठे. ही पद्धत इंग्लंडमधील थॉमस एडमंडसन याने 1830 च्या दशकात काढली. हा मूळचा लाकडी सामान घडवणारा कारागीर. धंद्यात दिवाळे निघाले म्हणून तो रेल्वेत नोकरीला लागला आणि एका लहान स्थानकाचा प्रमुख झाला. पुढे तिकिटांच्या या युक्तीचे त्याने रेल्वे कंपन्यांकडून मैलामागे वर्षाला दहा शिलिंग या दराने पैसे घेतले, आणि हातात पैसा आल्यावर दिवाळ्यात ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांना ते परत केले. (व्यापारी कुटुंबांच्या मासिकात एवढे विषयांतर क्षम्य ठरावे.) त्याच्या यंत्रात बिघडण्यासारखे फार थोडे होते, जे होते ते खिडकीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर होते. अर्थात ते यंत्र तिकीट वाचत नव्हते. वाचण्याचे काम टीसी आपल्या डोळ्यांनी करीत.

यंत्राने तिकीट वाचावे, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती चुंबकीय पट्टीमुळे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट ही रेल्वे 1972 साली सुरू झाली, तेव्हा तिच्या फाटकांत कागदी तिकीट सरकवले जाई आणि त्यावरील पट्टीत उरलेली रक्कम नोंदलेली असे. आपल्या देशातील पहिली मेट्रो कोलकात्याची, 1984 ची. तेथेही अनेक वर्षे चुंबकीय पट्टीची तिकिटे चालली. 2011 मध्ये त्यांची जागा टोकनांनी घेतली. चुंबकीय फाटकाच्या पोटात काय असते ते समजून घेतले की बदल का झाला हे लक्षात येते. तिकीट आत ओढणारे पट्टे आणि रूळ, ते कोठवर आले हे पाहणारे प्रकाशाचे डोळे, पट्टीवरून घासून जाणारे वाचनाचे शीर्ष, नवी रक्कम लिहिणारे दुसरे शीर्ष. यातील प्रत्येक भाग घासतो, झिजतो. कागदाची बारीक भुकटी सर्वत्र बसते. शीर्षावर तिचा थर चढला की वाचन चुकते. प्रकाशाच्या डोळ्यासमोर ती साचली की यंत्राला वाटते तिकीट अजून आतच आहे. म्हणजे नवे, चांगले, महागडे फाटकसुद्धा केवळ वापरानेच घाण होत जाते. अशा यंत्राची देखभाल अपवाद म्हणून करायची नसते, ते रोजचे काम असते.

दिल्लीची मेट्रो 2002 मध्ये सुरू झाली ती मुळातच स्पर्शाविना वाचल्या जाणाऱ्या टोकनांसह. टोकनात बॅटरी नसते. फाटकाजवळ धरले की फाटकाच्याच रेडिओलहरींतून त्याला क्षणभर शक्ती मिळते आणि ते आपला क्रमांक सांगते. घासणे नाही, ओढणे नाही, भुकटी नाही. तरी बाहेर पडताना टोकन फटीत टाकावे लागते, म्हणजे गिळणारा एक भाग राहतोच. नागपूर मेट्रोमध्ये क्यूआर छापलेले कागदी तिकीट काचेसमोर धरतात. फाटक त्याचा फोटो घेतल्यासारखे वाचते आणि काहीच गिळत नाही. हा क्यूआर कोड 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याची एक खुबी आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. तो छापतानाच त्यात माहितीची जादा नोंद घालता येते. सर्वांत जास्त घातली तर जवळपास 30 टक्के भाग मळला, फाटला तरी उरलेल्यावरून पूर्ण मजकूर परत मिळवता येतो. म्हणजे घडी पडलेले, तेलाचा हात लागलेले तिकीटही चालते. दुरुस्तीचा काही भार यंत्रावरून काढून तिकिटावरच टाकला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

येथे एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण हिशेब खरा आहे. एक यंत्र हजार तासांत एकदाच बिघडते. मात्र बिघडले की नागपूरला पाठवावे लागते आणि 48 तास जातात. दुसरे यंत्र त्याच्या चौपट वेळा, म्हणजे दर 250 तासांनी बिघडते. पण दुकानातलाच माणूस पंधरा मिनिटांत ते सुरू करतो. ग्राहकाच्या दृष्टीने पहिले यंत्र शंभरपैकी सुमारे 95 तास हजर असते आणि दुसरे 99.9 तास. ज्याला आपण 'मजबूत' म्हणून जास्त पैसे मोजले, ते वर्षभरात कितीतरी अधिक वेळ गैरहजर राहिले. अभियंते दोन बिघाडांमधील सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ, असे दोन्ही आकडे मांडतात. आपल्यासमोर जाहिरातीत येतो तो बहुधा पहिलाच.

मग दुरुस्ती लवकर व्हावी म्हणून यंत्र घडवायचे तरी कसे? पुतण्याने दोन संध्याकाळी मला हे समजावून सांगितले आणि शेवटी आमच्या पेढीवरचे बिल छापण्याचे यंत्रच उघडून दाखवले.

पहिली गोष्ट जागेची. जो भाग वारंवार हाताळावा लागणार तो सर्वांत पुढे, आणि जो दहा वर्षे हलवावा लागणार नाही तो मागे. तिकीटयंत्रात रूळ, पट्टा, काच आणि कागदाचा मार्ग हे रोजचे भाग. विजेचे फलक वर्षानुवर्षे टिकतात. संकुलातल्या त्या यंत्रात नेमके उलटे होते: टिकाऊ फलक पुढे आणि अडकणारा रूळ त्याच्या पाठीमागे. घडवणाऱ्याने जुळणी करताना जे सोयीचे वाटले तसे ते रचले होते. जुळणी एकदाच होते, कागद शेकडो वेळा अडकतो.

झाकणाचेही तसेच. ते बिजागरीवर असावे, एका किल्लीने उघडावे आणि उघडल्यावर आपोआप वर टेकून राहावे. एका हाताने झाकण आणि दुसऱ्याने काम अशी कसरत नको. झाकणाला वायर जोडू नये. स्क्रू लागणारच असतील तर एकाच मापाचे असावेत आणि सैल केल्यावरही झाकणालाच अडकून राहावेत. असे न गळणारे स्क्रू मिळतात. नगामागे थोडे महाग पडतात. आपल्यापुरते सांगायचे तर तो आत पडलेला एक स्क्रू आम्हाला सहा-सात मिनिटांना पडला.

कागद अडकला तर काढायचा कोणी? याचे उत्तर झेरॉक्सच्या दुकानात आधीच सापडलेले आहे. झेरॉक्सच्या यंत्रात काही कळा हिरव्या किंवा निळ्या असतात. त्या रंगाचा अर्थ, हिला कोणीही हात लावावा. बाकीच्या भागांना जाणकारानेच हात लावायचा. कागद अडकल्यावर दुकानातला मुलगा कळ उचलतो, रूळ एकमेकांपासून दूर होतात, कागद सुटतो. तिकीटयंत्रात अशी एक कळ असती तर पहारेकऱ्याने रांग लागण्यापूर्वीच ती उचलली असती.

जेथे बिघाड एवढा साधा नसतो, तेथे जागेवर दुरुस्ती करायचीच नाही. यंत्र चार-पाच खणांचे करावे, दोषाचा खण ओढून काढावा, राखीव खण सरकवावा आणि बिघडलेला खण आतल्या खोलीत निवांत दुरुस्त करावा. मतदान केंद्रावर आपण हे पाहतो. यंत्र बंद पडले तर तेथे कोणी पेचकस घेऊन बसत नाही. राखीव यंत्र येते आणि मतदान पुढे सुरू होते. मात्र खण बदलताना वायरी चुकीच्या जागी जोडल्या जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक जोडाचा आकार वेगळा ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या जागी तो बसताच कामा नये. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी 1960 च्या दशकात कारखान्यांतून ही दृष्टी रुजवली. माणसाला 'चुकू नको' असे बजावण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी वस्तू घडवावी, हा त्यांचा आग्रह. मोबाइलचे सिमकार्ड एका कोपऱ्यात कापलेले असते ते याच कारणाने.

पुतण्याच्या मते सर्वांत मोठा शत्रू म्हणजे 'जुळवणी'. भाग बदलला आणि मग स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून वाचन नीट येते का हे पाहत बसावे लागले, तर पाच मिनिटांचे काम तासाचे होते आणि ते वाकबगार हाताशिवाय होतच नाही. म्हणून वाचनाचे शीर्ष कारखान्यातच आपल्या चौकटीत पक्के बसवतात. यंत्रात दोन खुंट्या असतात, चौकट त्यांवर बसली की जागा ठरली. हे ऐकताना मला पुन्हा तराजू आठवला.

आणि यंत्राने आपले दुखणे सांगावे. 'दोष क्रमांक 47' अशी अक्षरे पडद्यावर आली तर पहारेकऱ्याने काय करायचे? त्याऐवजी 'कागद अडकला आहे, हिरवी कळ उचला' असे मराठीत लिहून आले तर दहापैकी निम्म्याहून अधिक वेळा फोन करण्याची वेळच येणार नाही, असे मला वाटते. दिवसभरात किती तिकिटे वाचली, किती दोनदा वाचावी लागली, याची नोंद यंत्र ठेवू शकते. दोनदा वाचण्याचे प्रमाण वाढू लागले की काच पुसायची किंवा शीर्ष साफ करायची वेळ झाली. यंत्र बंद पडण्याची वाट पाहायला नको.

सहज उघडणाऱ्या यंत्राविषयी व्यापाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती गल्ल्याची, आणि ती रास्त आहे. ज्या यंत्रात रोख पैसे साठतात ते पहारेकऱ्याच्या किल्लीने उघडावे, हे कोणाला रुचेल? त्यावर उपाय म्हणजे पैशाचा कप्पा आणि यंत्राचा कप्पा अगदी वेगळे, दोन कुलपांचे. दुरुस्तीला आलेल्या माणसाला पैसे दिसूही नयेत. त्यात त्याचेही भले आहे, कारण नंतर तूट निघाली तर त्याच्यावर बोट रोखले जात नाही. झाकण कधी उघडले याची वेळही यंत्र नोंदून ठेवते. घडवणाऱ्याची बाजूही सांगायला हवी. बिजागरी, वेगळे जोड, सरकते खण यांना पैसे पडतात. शिवाय प्रत्येक जोड ही बिघाडाची एक नवी जागा असते, कारण धूळ आणि ओल तेथेच शिरते. झाकण सहज उघडणारे हवे आणि धूळ मात्र आत जायला नको, या दोन्ही मागण्या पुऱ्या करताना घडवणाऱ्याचा कस लागतो. पण निविदा उघडताना सर्वांत कमी किमतीकडेच पाहायचे ठरले, तर ज्याने बिजागरी घातली तो पडतो आणि ज्याने आठ स्क्रू ठोकले त्याला काम मिळते.

हा सारा विचार आपल्या जिल्ह्यात कोणाच्या कामाचा? सर्वांत आधी एसटीच्या वाहकाच्या. राज्य परिवहनाच्या भंडारा विभागात भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, गोंदिया आणि तिरोडा अशी आगारे आहेत. पूर्वी वाहकाच्या काखेत पत्र्याचा ट्रे असे. त्यात निरनिराळ्या दरांच्या तिकिटांचे गठ्ठे आणि हातात पंच. पंचाची ती टिकटिक आपल्या पिढीच्या कानांत अजून आहे. ट्रे बिघडत नसे. पण हिशेबाला वेळ लागे, आणि सवलती वाढत गेल्या तसा तो हिशेब आवाक्याबाहेर गेला. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे भाडे. प्रत्येक सवलतीचे वेगळे तिकीट आणि वेगळी नोंद. हे काम आता हातातले यंत्र करते. ते तिकीट छापते, सवलतीचे कार्ड वाचते, मोबाइलवरून पैसेही घेते.

साकोलीहून निघालेल्या गाडीत असे यंत्र बंद पडले तर वाहकासमोर काय उभे राहते, याची कल्पना करून पाहावी. गाडी थांबवता येत नाही. प्रवासी चढत-उतरत राहतात. हाती जुनी तिकिटे असतील तर ती द्यायची, सवलतींचा हिशेब डोक्यात ठेवायचा, आणि वाटेत तपासणी पथक चढले तर प्रत्येक प्रवाशाचा खुलासा द्यायचा. रात्री आगारात भरणा करताना यंत्राची नोंद आणि हातातली रोकड जुळली नाही तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. यंत्र घडवणारा तेथे नसतो. इमानदार माणसाच्या शब्दावर शंका येण्याची वेळ एका रबरी रुळामुळे येऊ शकते, आणि आपल्यासारख्या पतीवर जगणाऱ्या लोकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

म्हणून या हातातल्या यंत्राची घडण वाहकाच्या बाजूने व्हायला हवी. जुन्या पद्धतीच्या छपाईयंत्रात कागदाचे टोक रुळाखालून ओवावे लागे. चालत्या गाडीत ते सुई ओवण्याइतकेच अवघड. हल्लीच्या यंत्रांत झाकण उघडायचे, रोल टाकायचा, टोक बाहेर ठेवून झाकण दाबायचे, की झाले. पवनीच्या वाटेवर एका वाहकाला मी प्रवाशाशी बोलता बोलता, यंत्राकडे न पाहता रोल बदलताना पाहिले आहे. छपाई उष्णतेने होते. शाई नसते, कागदावरचा लेप तापून काळा होतो. त्यामुळे उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवलेला रोल न छापताच काळवंडतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात हे ध्यानात ठेवावे लागते. कळा हा सर्वांत लवकर झिजणारा भाग. कळांचा रबरी पत्रा वेगळा निघाला तर शंभर-दोनशे रुपयांत काम भागते, पडद्याला चिकटवलेला असेल तर अख्खे यंत्र परत जाते. कोका किंवा कऱ्हांडल्याच्या जंगलाकडील रस्त्यांवर मोबाइलची रेंज तुटते. तेथे यंत्राने तिकिटाची नोंद स्वतःजवळ ठेवावी आणि रेंज आल्यावर पाठवावी; रेंज नाही म्हणून थांबणारे यंत्र या जिल्ह्यात बिघडलेलेच समजायला हवे.

आपल्या दुकानांतही बारकोड वाचणारे यंत्र, बिल छापणारे यंत्र, कार्ड घासायचे यंत्र, इलेक्ट्रॉनिक काटा हे सारे याच कुळातले आहेत. विकत घेताना विक्रेत्याला एकदा त्याच्याच हाताने झाकण उघडायला सांगावे आणि घड्याळ पाहावे. त्याला जर 'हे उघडायचे नसते' असे म्हणावे लागले, तर वार्षिक देखभालीच्या करारात त्याचा नफा कोठे आहे हे कळून येते. कोणते भाग झिजतात, ते सुटे मिळतात का, नागपूरला मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, हे लेखी घ्यावे. दुरुस्तीचा हक्क हा विषय केंद्र सरकारनेही हाती घेतला आहे. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैमध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी क्षेत्रे घेतली आहेत. दुकानदाराच्या काट्याचे आणि बिलयंत्राचे काय, हा प्रश्न आपल्या व्यापारी संघटनांनी विचारायला हरकत नाही.

आमच्या पेढीवरचे बिलयंत्र पुतण्याने उघडले तेव्हा ते तसे बरे निघाले. चार स्क्रू, चारही एका मापाचे. रुळावर वर्षभराची भुकटी होती. त्याने स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने छपाईचे शीर्ष पुसले, रूळ काढून परत बसवला, आणि मग तेच काम आमच्या दिवाणजींकडून दोनदा करून घेतले. पहिल्या वेळी अकरा मिनिटे लागली, दुसऱ्या वेळी चार. आता गल्ल्याच्या शेजारी एका डबीत एक जादा रूळ, एक पेचकस आणि कापूस असतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी यंत्र पुसायचे, असे दिवाणजींनी वहीत लिहून ठेवले आहे.

लग्नाची उरलेली खरेदी करायला आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. या वेळी गाडी पारडीला ओळखीच्यांच्या घरी ठेवली आणि प्रजापती नगरहून मेट्रो धरली. फाटकाजवळ एक मुलगी हातात मऊ कापड घेऊन एकेका फाटकाची काच पुसत होती. आईने तिला विचारले, "बाळ, हे रोज करावे लागते का?" ती म्हणाली, "हो आजी, लोकांच्या बोटांचे डाग पडतात ना." आईने तिकीट काचेसमोर धरले, फाटक उघडले. त्या दिवशी आम्ही साडेचारला घरी होतो.